गुरुवारची कवायत

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, उत्तर कॅरोलायना राज्यापाशी, समुद्रात वाळूची एक लांब, चिंचोळी पट्टी आहे. तिला आउटर बँक्स म्हणतात. मागे खाडीचे उथळ पाणी, पुढे थेट अटलांटिक. काही ठिकाणी ती इतकी अरुंद होते की एखाद्या उंचवट्यावर चढले तर दोन्हीकडचे पाणी दिसते. दक्षिणेकडून येणारा गल्फ स्ट्रीमचा कोमट प्रवाह आणि उत्तरेकडून उतरणारे थंड पाणी केप हॅटरसच्या टोकाजवळ एकमेकांना भिडतात. पाण्याखालचे वाळूचे दांडे वादळागणिक जागा बदलतात. शिडांच्या जहाजांच्या काळात न्यूयॉर्क, बॉस्टनहून दक्षिणेकडे जाणाऱ्यांना हा वळसा चुकवता येत नसे, आणि म्हणून या किनाऱ्याला ‘अटलांटिकची स्मशानभूमी’ हे नाव पडले.

या पट्टीवर रोडॅन्थी नावाचे लहानसे गाव आहे. गावाच्या कडेला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, चिकामाकॉमिको हे जीवरक्षक ठाणे १८७४ पासून उभे आहे. मूळ लाकडी इमारत अजून जागेवर आहे. शेजारी १९११ ची, टेहळणीचा मनोरा असलेली मोठी इमारत आहे. भोवती स्वयंपाकघर, तबेला, नौकेची पडवी असा पसारा आहे. याच राज्यातल्या रॅली आणि केरी या शहरांत आता मराठी घरे पुष्कळ झाली आहेत, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ती याच किनाऱ्यावर येतात. मीही अशाच एका कुटुंबाबरोबर गेलो. जूनमधला गुरुवार होता. उन्हाळ्यात गुरुवारी इथे जुनी कवायत करून दाखवतात, एवढेच कळले होते.

सात-आठ माणसे दोनचाकी गाडा ओढत वाळूत आली. गाड्यात एक बुटकी पितळी तोफ, दोरखंडांची वेटोळी, कप्प्या आणि फावडी. समोर वाळूत डोलकाठीसारखा उंच खांब रोवलेला. कवायतीपुरते तेच बुडते जहाज. प्रमुखाने हुकूम दिला तसा प्रत्येकजण आपापल्या कामाला लागला. तोफेच्या गोळ्याला बारीक दोरी बांधलेली होती. ती सुटताना गुंता होऊ नये म्हणून पेटीतल्या लाकडी खुंट्यांवर आधीच नागमोडी गुंफून ठेवलेली. तोफ उडाली, दोरी हवेत कमान करून खांबापलीकडे पडली. खऱ्या संकटात जहाजावरचे लोक ही दोरी ओढून घेत. तिच्यामागून कप्पीत ओवलेला जाडसर दोर येई आणि त्याच्यासोबत एक लाकडी पाटी. दोर डोलकाठीला कुठे आणि कसा बांधायचा, हे त्या पाटीवर एका बाजूला इंग्रजीत आणि दुसऱ्या बाजूला फ्रेंचमध्ये लिहिलेले असे. मग त्या दोराच्या मदतीने मुख्य दोरखंड जाई. इकडे किनाऱ्यावर त्याचे टोक वाळूत पुरलेल्या लाकडी नांगराला बांधत आणि कैचीसारखा टेकू देऊन तो लाटांच्या वर ताणून धरत. या दोरखंडावरून जे ये-जा करी ते साधन म्हणजे ब्रीचेस बोया: कॉर्कचे कडे आणि त्याला शिवलेली कॅनव्हासची आखूड विजार. माणसाने विजारीत पाय घालून बसायचे आणि किनाऱ्यावरच्यांनी त्याला फुटणाऱ्या लाटांवरून ओढून घ्यायचे. एका फेरीत एकच माणूस येई.

ही सगळी जुळणी पाच मिनिटांत झाली पाहिजे, असा नियम होता. हंगाम सुरू होऊन महिना झाला तरी एखाद्या तुकडीला ती पाच मिनिटांत जमत नसेल, तर तुकडीने सरावात हयगय केली असे धरले जाई. खांबावरून पहिला माणूस खाली उतरला तेव्हा माझ्या शेजारच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र ती पाच मिनिटे अस्वस्थ करून गेली, कारण त्यांच्यामागे किती वर्षे आणि किती प्रेते आहेत हे मी सकाळीच आतल्या दालनांत वाचले होते.

बुडणाऱ्याला वाचवावे ही इच्छा अमेरिकेच्या किनाऱ्यावर जुनी आहे. मॅसॅच्युसेट्स ह्यूमेन सोसायटी १७८६ मध्ये स्थापन झाली. किनाऱ्यावर निवाऱ्याच्या झोपड्या बांधणे, पुढे जीवरक्षक नौका ठेवणे, अशी कामे तिने वर्गणीवर केली. ब्रिटनमध्ये १८२४ पासून देणग्या आणि स्वयंसेवक यांच्या बळावर उभी राहिलेली संस्था आजही तशीच चालते. अमेरिकेच्या सरकारने १८४८ मध्ये न्यू जर्सीचे प्रतिनिधी विल्यम नेवेल यांच्या आग्रहावरून दहा हजार डॉलर मंजूर केले. त्यातून नौका आल्या, दोर आले, त्यांच्यासाठी लहान घरे बांधली गेली. माणसे मात्र नेमली नाहीत. घराची किल्ली गावातल्या कुणाकडे तरी असे आणि वादळात तो धावत येईल असे धरून चालत. एका गावात तर सरकारी नौकेत कधी चुना कालवला जाई, तर कधी डुकरे सोलण्यासाठी उकळते पाणी भरले जाई. १८५४ मध्ये न्यू जर्सीच्या किनाऱ्यापाशी पोव्हॅटन हे स्थलांतरितांचे जहाज फुटले, दोनशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर आणखी पैसा आला, किल्ली सांभाळणाऱ्याला थोडा पगार मिळाला, आणि पुन्हा बराच काळ सगळे थंडावले.

१८७१ मध्ये समनर किम्बॉल हा कोषागार खात्यातला अधिकारी या कामावर आला. तो खलाशी नव्हता, वकिलीचे शिक्षण घेतलेला कारकुनी शिस्तीचा माणूस होता. या इतिहासात पदके मिळवणारे वीर अनेक आहेत, पण माझ्या मते सर्वांत मोठे काम याचे आहे. त्याने आधी किनाऱ्याची तपासणी करवली. गंजलेली हत्यारे, सडलेल्या नौका, वशिल्याने नेमलेली माणसे, सगळे कागदावर आणले. काँग्रेसकडून दोन लाख डॉलर मिळवले. मग ठाण्यांवर पगारी माणसे बसवली: एक प्रमुख, त्याला कीपर म्हणत, आणि त्याच्या हाताखाली सहा सर्फमन, म्हणजे फुटत्या लाटांतून नौका काढण्यात तरबेज माणसे. ही माणसे त्या त्या किनाऱ्यावरचीच मच्छीमार होती. आठवड्याचा प्रत्येक दिवस ठरवून दिला. मंगळवारी नौका लाटांत घालायची, बुधवारी निशाणांची भाषा घोटायची, गुरुवारी तोफ आणि बोया, शुक्रवारी बुडालेल्याचा श्वास परत आणण्याचा सराव. प्रत्येक गस्तीची, प्रत्येक जहाजाची नोंद लिहायची. आणि एकही माणूस दगावला तर चौकशी करून ती वार्षिक अहवालात छापायची.

उत्तर कॅरोलायनात पहिली सात ठाणी १८७४ मध्ये बांधली गेली. चिकामाकॉमिको त्यांतले एक. पण ती एकमेकांपासून फार लांब होती आणि खर्च वाचवण्यासाठी फक्त हिवाळ्यात, १ डिसेंबरपासून चालत. २४ नोव्हेंबर १८७७ च्या पहाटे अमेरिकी नौदलाची ह्युरॉन ही बोट नॅग्ज हेडसमोर वाळूत रुतली. किनारा दोनशे मीटरच्या आत होता. जवळचे ठाणे कुलूपबंद होते, कारण हंगामाला आठवडा बाकी होता. ९८ माणसे मेली. दोन महिन्यांनी, ३१ जानेवारी १८७८ ला, ब्राझीलमध्ये रेल्वे बांधायला निघालेल्या मजुरांना घेऊन चाललेली मेट्रोपोलिस बोट याच किनाऱ्यावर फुटली. या वेळी ठाणे उघडे होते, माणसे हजर होती, पण तुकडी उशिरा पोहोचली, दोरी तुटली, तोफेला दारू कमी पडली. ८५ जण गेले. देशभर संताप उसळला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये कायदा झाला, जीवरक्षक सेवा हे स्वतंत्र खाते बनले, हंगाम वाढला, मधल्या रिकाम्या जागी नवी ठाणी आली. लष्करातला तरुण अधिकारी डेव्हिड लाइल याने याच सुमारास नवी तोफ सिद्ध केली. सुमारे आठ किलोचा गोळा दोरीसकट सहाशे मीटरवर टाकणारी ही तोफ पुढे सत्तर वर्षे वापरात राहिली. गुरुवारी वाळूत मी पाहिली ती हीच.

रात्रीची गस्त हा या नोकरीचा कणा होता. दर रात्री ठाण्यातून दोन माणसे दोन दिशांना निघत आणि शेजारच्या ठाण्याचा गस्तवाला भेटेपर्यंत चालत. भेटल्यावर पितळी बिल्ल्यांची अदलाबदल होई, म्हणजे गस्त पुरी झाल्याचा पुरावा हातात राही. कमरेला कॉस्टन दिवा असे. भरकटणाऱ्या जहाजाला तो लाल जाळ दाखवला की ‘सावध, किनारा आहे’ असा निरोप मिळे. अकाली वारलेल्या नवऱ्याच्या वहीतल्या अर्धवट टिपणांवरून मार्था कॉस्टन या बाईने हा दिवा वर्षानुवर्षे खपून सिद्ध केला आणि १८५९ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. गस्तीचे फळ काय, याचे एक उदाहरण पुरे. ऑगस्ट १८९९ च्या भयंकर वादळात गल शोल ठाण्याचा रॅस्मस मिजेट घोड्यावरून गस्त घालत होता. पहाटे तीनच्या सुमारास त्याला प्रिसिला जहाजाचे तुकडे दिसले आणि माणसांचा आक्रोश ऐकू आला. मदत आणायला परत गेले तर माणसे जातील, हे ओळखून तो एकटा लाटांत शिरला आणि त्याने दहा जणांना बाहेर काढले.

आता पी आयलंडबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. चिकामाकॉमिकोच्या उत्तरेला हे ठाणे होते. १८७९ च्या अखेरीस तिथे हेंडरसन नावाचे जहाज फुटले, माणसे बुडाली. चौकशीत गस्तीतली हयगय उघड झाली आणि गोरा कीपर बडतर्फ झाला. तपासणी अधिकाऱ्याने त्याच्या जागी रिचर्ड एथरिज याचे नाव सुचवले. एथरिज गुलाम म्हणून जन्मला होता, यादवी युद्धात संघराज्याच्या कृष्णवर्णीय पलटणीत लढला होता, आणि या किनाऱ्यावर लाटांची त्याच्याइतकी जाण असलेली माणसे थोडी होती. तरीही इतर ठाण्यांवर त्याच्यासारख्यांना सर्वांत खालची जागा मिळे. जानेवारी १८८० मध्ये तो कीपर झाला. त्याच्या हाताखाली राहायला गोरी माणसे तयार नव्हती. ती गेली आणि सगळी तुकडी कृष्णवर्णीयांची झाली. काही महिन्यांतच ठाणे जळाले. आग लावल्याचा संशय होता. एथरिजने ते पुन्हा उभारले आणि सरावाचा असा दंडक घातला की पी आयलंडचे नाव सबंध किनाऱ्यावर आदराने घेतले जाऊ लागले.

११ ऑक्टोबर १८९६. चक्रीवादळाने समुद्र पट्टीवर चढला होता, गस्त घालणेही अशक्य झाले होते. थिओडोर मीकिन्स या सर्फमनला टेहळणीवरून अंधारात एक संकेत दिसला. ई. एस. न्यूमन नावाचे जहाज दक्षिणेला वाळूत अडकले होते. जहाजावर नऊ जण होते, त्यांत कप्तानाची बायको आणि लहान मूल. तुकडीने गाडा ओढत नेला, पण तोफेचा उपयोग नव्हता, कारण नांगर पुरायला कोरडी वाळूच उरली नव्हती. वर्षानुवर्षे घोटलेली रीत त्या रात्री कामाची ठरली नाही. एथरिजने दोन माणसांना एका दोराने बांधले, त्याचे टोक किनाऱ्यावरच्यांच्या हाती दिले आणि त्यांना पोहत जहाजाकडे पाठवले. ते आधी मूल घेऊन आले. मग दुसरी जोडी गेली. पुन्हा पुन्हा जाऊन त्यांनी नऊच्या नऊ माणसे जिवंत आणली. तेव्हा या कामगिरीचे एकही पदक त्यांना मिळाले नाही. एथरिज १९०० मध्ये वारला. १९४७ मध्ये ठाणे बंद झाले.

याच्या शेजारी मर्लोची गोष्ट ठेवली पाहिजे. १६ ऑगस्ट १९१८ ला दुपारी चिकामाकॉमिकोसमोर पेट्रोल वाहणारे ब्रिटिश जहाज मर्लो स्फोटाने पेटले. जर्मन पाणबुडी यू-११७ चा तो पराक्रम होता. कीपर जॉन ॲलन मिजेट पाच माणसांना घेऊन यांत्रिक नौकेतून निघाला. समुद्रच जळत होता. ज्वाळांच्या आत एका उलटलेल्या होडीला सहा जण धरून होते. जाळ अंगावर आला की ते पाण्यात डुबकी मारत. मिजेटने नौका जाळात घातली आणि त्यांना उचलले. मग भरकटलेली १९ जणांची होडी शोधली, कप्तानासह १७ जणांची होडी गाठली, सगळ्यांना उसळत्या लाटांतून फेऱ्या करत किनाऱ्यावर आणले. रात्रीचे अकरा वाजले. ४२ जण वाचले. ती नौका, क्रमांक १०४६, आज ठाण्याच्या पडवीत उभी आहे आणि हात लावण्याइतकी जवळून पाहता येते. ब्रिटिश राजाने या सहाही जणांना सुवर्णपदके दिली. त्यांच्या स्वतःच्या देशाचे सुवर्णपदकही पुढे आले.

मिजेटच्या माणसांना त्यांचा मान मिळाला ते योग्यच झाले. पण पी आयलंडच्या माणसांना तोच मान मिळायला १९९६ साल उजाडावे लागले, तब्बल शंभर वर्षे. अभ्यासकांनी जुन्या नोंदी उकरल्या, शाळेत शिकणाऱ्या एका मुलीने पत्रे लिहिली, तेव्हा ते पदक आले. ही मोठी अन्यायाची गोष्ट आहे, आणि ती सांगताना आवाज खाली करण्याचे कारण नाही. शंभर वर्षांनी का होईना न्याय करता आला, तो कशामुळे? एथरिजने त्या रात्रीनंतर आपल्या वहीत नोंद लिहून ठेवली होती म्हणून. किम्बॉलने सक्तीची केलेली ती वही नसती, तर ही गोष्ट गावच्या आठवणींत विरून गेली असती.

जीवरक्षक सेवा १९१५ मध्ये महसूल खात्याच्या गस्ती नौकांच्या सेवेत मिसळली आणि आजचा कोस्ट गार्ड तयार झाला. १८७१ पासूनच्या त्या ४४ वर्षांचा हिशेब छापलेला आहे: २८,१२१ जहाजे, १,७८,७४१ माणसे, आणि त्यांतले दगावले १,४५५. चिकामाकॉमिको १९५४ पर्यंत कोस्ट गार्डकडे होते, नंतर ओस पडले. १९७४ मध्ये गावातल्या लोकांनी मंडळ स्थापून ते हाती घेतले, डागडुजी केली, संग्रहालय उभारले. काम सोपे नाही. रोडॅन्थीचा किनारा वेगाने खचतो आहे. २०२२ च्या मे महिन्यात इथली घरे समुद्रात कोसळताना साऱ्या जगाने चित्रफितीत पाहिली. दक्षिणेचा केप हॅटरसचा दीपस्तंभ तर १९९९ मध्ये मुळापासून उचलून जवळपास ९०० मीटर आत नेला आहे.

अशा जागी लोक वर्गणी काढून घरे रंगवतात, मुलांना गाठी मारायला शिकवतात, आणि उन्हाळ्यातल्या गुरुवारी वाळूत गाडा ओढतात. कोस्ट गार्डचे सेवेतले जवानही या कवायतीत उतरलेले आहेत. आता अशी सुटका करायला हेलिकॉप्टर आहे, बोया कुणाला लागणार नाही. तरी ही कवायत मला फार मोलाची वाटते. दालनातली पाटी वाचून मिजेट शूर होता एवढे कळते. कवायत पाहून मात्र हे कळते की दोरी खुंट्यांवर नीट गुंफली नसेल तर शौर्याचा उपयोग नाही, आणि ती गुंफायला दर आठवड्याला कुणीतरी बसले होते, त्याला त्याचा पगार मिळत होता.

परतताना मनात आपल्याकडची रामदास बोट होती. १७ जुलै १९४७, तोही गुरुवार. गटारी अमावास्येच्या तोंडावर भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकापाशी उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. मुंबई डोळ्यांसमोर होती, पण बातमी तिथे पोहोचायला दुपार उलटली. वाचले त्यांतले कित्येक रेवसच्या कोळ्यांनी वाचवले. मचव्यांतली मासळी समुद्रात ओतून त्यांनी माणसे भरून घेतली. त्याच्या वीस वर्षे आधी, ११ नोव्हेंबर १९२७ ला, जयंती आणि तुकाराम या बोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. आपल्या किनाऱ्यावर धाडसाची वाण कधीच नव्हती. मिजेट आणि मीकिन्स यांच्या तोडीची माणसे रेवस, मांडवा, श्रीवर्धन, मालवण इथे घरोघर होती आणि आहेत. आउटर बँक्सच्या मच्छीमारांना जे मिळाले, म्हणजे ठरलेला पगार, ठरलेला सराव, आणि आपण केलेले काम लिहून ठेवणारी वही, तेच आपल्या कोळ्यांनाही मिळायला हवे होते. गोव्याच्या किनाऱ्यांवर आज पगारी जीवरक्षक उभे असतात. तसे रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडच्या गर्दीच्या प्रत्येक पुळणीवर उभे राहावेत.

आणि रेवसच्या धक्क्यावर दर १७ जुलैला एक तास द्यावा. समुद्रात उतरण्याचे ते दिवस नव्हेत, त्याची गरजही नाही. धक्क्यावरच दोर फेकून दाखवावा, बुडालेल्याचा श्वास कसा परत आणतात ते शाळेतल्या मुलांकडून करून घ्यावे, आणि त्या दिवशी होड्या रिकाम्या करून धावलेल्या माणसांची नावे त्यांच्या गावातल्या म्हाताऱ्यांकडून विचारून एका वहीत लिहून घ्यावीत. ती सांगू शकणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत. पुढच्या जुलैची वाट न पाहता वही आजच उघडा.